स्कॉटलंडमधली मोफत शुश्रूषा कौन्सिलला नेमकी कितीला पडते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहता. सासूबाईंकडे सकाळ-संध्याकाळ केअरर (घरी येऊन शुश्रूषा करणारी बाई) येते आणि तिचं बिल त्यांच्या बचतीतून जातं. तुमची मावशी स्कॉटलंडमध्ये, डंडीला. तिच्याकडेही केअरर येते, तेवढाच वेळ आणि त्याच कामासाठी, पण अंघोळ-कपड्यांचं बिल मावशीला येत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की स्कॉटलंडच्या कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, हे माणशी कितीला पडतं, आणि म्हातारी माणसं वाढत चालली असताना कौन्सिल यात बुडत कशी नाही. जाता जाता तिसरंही विचारलंय, की सासूबाईंना डंडीला हलवावं का. त्याकडे शेवटी येते.

मी स्कॉटलंडमधल्या एका कौन्सिलच्या सोशल वर्क खात्यात एकवीस वर्षं हिशेब बघितले. नोकरीला लागले २००३ साली, तेव्हा मोफत शुश्रूषेची ही योजना जेमतेम वर्षाची होती. त्यामुळे मला त्यातलं राजकारण कमी आणि एक्सेलमधल्या ओळी जास्त माहीत आहेत. उत्तरही तसंच येणार.

माणशी सरासरी काढून देता येते, पण ती तुम्हाला फसवेल. आमच्या यादीत एक आजोबा होते, त्यांना दिवसातून एकदा डोळ्यांत थेंब घालायला कुणीतरी लागायचं. पंधरा मिनिटांचं काम. त्याच रस्त्यावर एक आजी होत्या, त्यांना दिवसातून चार वेळा आणि प्रत्येक वेळी दोन केअरर लागायच्या, कारण हॉइस्टनं (माणूस उचलायच्या यंत्रानं) उचलायचं तर एकटीनं उचलायला परवानगी नसते. दोघांची सरासरी काढलीत तर तो आकडा ना आजोबांचा, ना आजींचा. बजेट करताना आम्ही सरासरीकडे बघतच नव्हतो. आम्ही तास बघायचो.

दुसरं म्हणजे ‘किती खर्च येतो’ आणि ‘फुकट केल्यामुळे किती जादा खर्च येतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पेपरात बहुतेक वेळा पहिल्याचा आकडा दुसऱ्याच्या नावावर छापला जातो. योजना १ जुलै २००२ ला सुरू झाली. त्याआधी कौन्सिल म्हाताऱ्यांना अंघोळ घालायला माणूस पाठवत नव्हती का? पाठवतच होती. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना तेव्हाही बिल नव्हतं. मधल्यांना अर्धंमुर्धं होतं, आणि ज्यांची बचत बरी होती त्यांनाच पुरतं. योजनेनं बदललं ते फक्त शेवटच्या दोन गटांचं. ऑडिट स्कॉटलंड या सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेनं २००८ साली हिशेब मांडला तेव्हा पहिल्या चार वर्षांचा एकूण खर्च १८० कोटी पौंडांच्या आसपास आला, आणि त्यातले साधारण ६० कोटी योजनेमुळे जादा झालेले होते. म्हणजे तीन पौंडांतले दोन पौंड योजना नसती तरी गेलेच असते.

हे ‘जादा’ कसं बनतं ते एका काल्पनिक कौन्सिलवर दाखवते. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. समजा, घरी शुश्रूषा घेणारी ८०० माणसं आहेत, माणशी आठवड्याला ९ तास, आणि एका तासाला कौन्सिलला २२ पौंड पडतात. वर्षाचा खर्च होतो सुमारे ८२ लाख ३७ हजार पौंड. बिलं लावत होतो तेव्हा यातले समजा बारा टक्के वसूल व्हायचे, म्हणजे जवळपास १० लाख. सगळं फुकट केलं की हे १० लाख गेले. ठीक. आता माणसं तेवढीच ठेवा, दर तोच ठेवा, आणि माणशी तास ९ चे ११ करा. खर्च १८ लाख ३० हजारांनी वाढला. फुकट केल्यानं जे गेलं त्याच्या जवळपास दुप्पट, आणि त्यात ‘फुकट’चा काही संबंध नाही. माणसं जास्त आजारी असताना घरी राहू लागली, एवढंच.

आणि तसंच झालं. स्कॉटलंडभर घरच्या वैयक्तिक शुश्रूषेवर २००३-०४ मध्ये १३ कोटी ३० लाख पौंडांच्या आसपास खर्च होत होता. पुढच्या दहाएक वर्षांत तो अडीच पटीच्या वर गेला. माणसं काही अडीच पट झाली नव्हती. इस्पितळातले म्हाताऱ्यांचे दीर्घ मुदतीचे वॉर्ड बंद होत गेले, केअर होममध्ये (वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहात) जायच्या ऐवजी घरीच ठेवा हे धोरण आलं, आणि पूर्वी ज्यांना खाट मिळाली असती ती माणसं आमच्या यादीत आली. इस्पितळाची खाट वाचली ती आरोग्य खात्याच्या हिशेबात, आणि चार वेळा दोन-दोन केअरर पाठवण्याचा खर्च चढला कौन्सिलच्या. एकाच सरकारचे दोन खिसे, पण पैसा एका खिशातून दुसऱ्यात आपोआप जात नाही. २०१६ पासून दोन्हींचे पैसे एकत्र ठेवणारी मंडळं आली. ३२ कौन्सिलांपैकी बहुतेकांकडे तशी आहेत, हायलंडची तऱ्हा वेगळी. मार्च महिन्यातली भांडणं तेवढी कमी झाली, असं म्हणवत नाही. नुसती खोली बदलली.

आता ‘फुकट’ म्हणजे नेमकं काय फुकट, हे सांगायला हवं, कारण कौन्सिलचा खर्च बराचसा याच रेषेवर ठरतो. अंघोळ, कपडे, संडास-लघवीची मदत, अंथरुणातून उठवणं-बसवणं, औषधांची आठवण, मलम लावणं, खायला-प्यायला मदत, हे वैयक्तिक शुश्रूषेत येतं आणि फुकट असतं. घराची झाडलोट, बाजारहाट, कपडे धुणं, अडचणीत दाबायचं अलार्मचं बटण, डे सेंटर हे त्यात येत नाही. त्याला कौन्सिल पैसे लावू शकते, आणि लावते.

या दोहोंच्या मध्ये स्वयंपाक येतो. मूळ कायद्याच्या शब्दांतून प्रत्येक कौन्सिलनं आपापला अर्थ काढला. काही कौन्सिलांनी अन्न तयार करणं फुकट धरलं, काहींनी नाही. आम्ही दुसऱ्यांपैकी होतो. एका आजींची फाईल मला अजून आठवते. केअररच्या कागदावर लिहिलेलं असायचं: सूप गरम करणे, ८ मिनिटं, भरवणे, १२ मिनिटं. बारा मिनिटं फुकट, आठ मिनिटांचं बिल. महिन्याचं बिल पोस्टानं जायचं, आणि ते छापून पाठवायला, मग फोनवर त्याचा खुलासा करायला जो खर्च यायचा, तो बिलापेक्षा जास्त असायचा. आजींच्या मुलानं एकदा पत्र लिहिलं, अगदी सभ्य भाषेत: आईनं सूप गार प्यायलं तर पूर्ण फुकट होईल का, एवढंच कळवावं. त्या पत्राचं उत्तर लिहायला मला सांगितलं होतं. मी तीन मसुदे केले आणि शेवटी वरिष्ठांकडे ढकललं.

एप्रिल २००९ पासून नियम स्पष्ट झाला. शिजवणं, गरम करणं, वाढणं, घास छोटे करून देणं, सगळं फुकट. पण अन्न पुरवणं फुकट नाही. म्हणजे तुमच्या मावशीच्या स्वयंपाकघरात केअररनं खिचडी टाकली तर पैसे नाहीत; डाळ-तांदूळ मावशीचे. तयार डबा दारात आला तर डब्याचे पैसे. ऐकायला विनोदी वाटतं, पण हिशेबाला हा नियम फार बरा. रेषा कुठेही असो, ती सगळीकडे एकाच जागी असली की निम्मी डोकेदुखी संपते.

आता केअर होमकडे. तिथे गणित वेगळं आहे, आणि माझ्या मते कौन्सिलच्या दृष्टीनं सोपं आहे. केअर होममध्ये राहणाऱ्याला ‘सगळं फुकट’ नसतं, हा इंग्लंडमधल्या लोकांचा नेहमीचा गैरसमज. राहण्या-जेवण्याचा खर्च ज्याचा त्याला, ऐपतीप्रमाणे, आणि त्यात घराची किंमतही धरली जाऊ शकते. कौन्सिल देते ती ठरावीक रक्कम. सुरुवातीला वैयक्तिक शुश्रूषेचे आठवड्याला १४५ पौंड आणि नर्सिंग लागत असेल तर वर ६५. २०२४-२५ मध्ये हे आकडे २४८.७० आणि १११.९० होते. बाकीचं रहिवासी भरतो. ज्याच्याकडे पैसेच नाहीत त्याचा खर्च कौन्सिल पूर्वीही उचलत होती, आताही उचलते, म्हणून नवा बोजा फक्त स्वतः भरणाऱ्यांपुरता.

रक्कम ठरलेली असल्यानं माणसं मोजली की खर्च कळतो. शिवाय ती रक्कम गोठवता येते. १४५ चा आकडा २००२ पासून २००८ पर्यंत हलला नाही. त्या सहा वर्षांत केअर होमचे दर वाढले, पगार वाढले, आणि फरक गेला रहिवाशाच्या खिशातून. कागदावर योजना तीच, ‘मोफत’ हा शब्दही तोच. घरच्या शुश्रूषेत असं करता येत नाही, कारण तिथे रक्कम नाही, तास द्यायचे असतात. तास महाग झाला तर तो कौन्सिलनंच सोसायचा.

ज्या गोष्टीवरून मला अजून राग येतो तीही सांगून टाकते. स्वतःचा खर्च भरणाऱ्या केअर होममधल्या वृद्धाला लंडनच्या सरकारकडून अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे मदत लागणाऱ्या वृद्धांचा भत्ता, मिळायचा. स्कॉटलंडनं शुश्रूषेचे पैसे द्यायला सुरुवात केल्याबरोबर लंडननं सांगितलं, आता यांची काळजी सरकारी पैशातून होतेय, भत्ता बंद. नियमाप्रमाणे ते चूक नव्हतं. पण त्यातून लंडनचे सुरुवातीला वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख पौंड वाचले, आणि ते स्कॉटलंडला द्यायला त्यांनी नकार दिला. लॉर्ड सदरलंड यांनी २००८ साली या योजनेचा आढावा घेतला तोवर हा आकडा ३ कोटींच्या घरात गेला होता, आणि हे पैसे स्कॉटलंडकडे यायला हवेत असं त्यांनी साफ लिहिलं. मिळाले नाहीत. सदरलंड म्हणजे तेच, ज्यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही आयोगानं १९९९ साली सगळ्या ब्रिटनसाठीच वैयक्तिक शुश्रूषा मोफत करा म्हटलं होतं. आयोगातल्या दोघांनी तेव्हाच विरोधी टिपण जोडलं होतं, लंडननं ते सोयीचं मानलं आणि इंग्लंडला फक्त नर्सिंगचा भाग मोफत दिला. स्कॉटलंडनं हेन्री मॅक्लीश तिथले फर्स्ट मिनिस्टर (मुख्यमंत्री) असतानाच्या काळात पूर्ण शिफारस उचलली.

त्याच आढाव्यात सदरलंड यांनी मान्य केलं की कौन्सिलांना मिळणारे पैसे आणि होणारा खर्च यांत ४ कोटी पौंडांची तूट आहे, आणि २००९-१० पासून तेवढी वाढ मिळाली. ऑडिट स्कॉटलंडचा २००५-०६ या एका वर्षाचा अंदाज ४ कोटी ६० लाख ते ६ कोटी ३० लाख असा होता, तुम्ही काय गृहीत धरता त्यावर अवलंबून. हा ‘काय गृहीत धरता’ भाग महत्त्वाचा आहे. कौन्सिलला पैसा येतो मुख्यतः एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंड सरकारच्या, अनुदानातून, एका सूत्रानं वाटून. वर थोडा कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा कर. आधी काही अनुदानांवर ‘हे याच कामासाठी’ अशी चिठ्ठी असायची. २००७ च्या शेवटी सरकार आणि कौन्सिलांमध्ये करार झाला, बहुतेक चिठ्ठ्या निघाल्या आणि सगळा पैसा एका गंगाजळीत गेला. त्यानंतर ‘मोफत शुश्रूषेला किती मिळाले’ या प्रश्नाचं खरं उत्तर कुणाकडेच नाही. मंत्री म्हणतात दिलेत, कौन्सिल म्हणते पुरले नाहीत, आणि दोघंही खोटं बोलत नसतात. त्यात २००८-०९ पासून नऊ वर्षं कौन्सिल टॅक्सही गोठवलेला होता. म्हणजे एका बाजूनं तास वाढतायत आणि दुसऱ्या बाजूनं स्वतःचा म्हणून जो एक कर आहे तो वाढवायला जवळजवळ मनाई.

मग कौन्सिल बुडत कशी नाही? तुमचा खरा प्रश्न हाच आहे. उत्तर सरळ सांगते, ऐकायला फारसं बरं नाही. कौन्सिलला किंमत ठरवता येत नाही, म्हणून ती दरवाजा अरुंद करते.

मोफत म्हणजे मागेल त्याला नाही. आधी असेसमेंट, म्हणजे गरजेची तपासणी, होते. गरजेच्या चार पायऱ्या ठरलेल्या आहेत: अतिगंभीर, मोठी, मध्यम, किरकोळ. २००९ पासून सगळीकडे हीच मोजपट्टी आहे, आणि वरच्या दोन पायऱ्यांवरच्या माणसाला सहा आठवड्यांत सेवा मिळावी असंही ठरलं. खालच्या दोन पायऱ्यांबाबत कौन्सिलला मोकळीक असते, आणि बजेट आवळलं की त्या पायऱ्या यादीतून जातात. मी लागले तेव्हा आमच्या यादीत आठवड्यातून दोन तास ‘होम हेल्प’ घेणारे खूप लोक होते. ती बाई यायची, केर काढायची, दूध आणायची, दहा मिनिटं बोलायची. मी निवृत्त झाले तेव्हा तशी माणसं यादीत जवळपास उरली नव्हती. थोड्या माणसांना खूप तास, असं चित्र झालं होतं. माझं मत विचाराल तर ही योजनेची सर्वात मोठी किंमत आहे, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही. त्या दोन तासांत कुणीतरी फ्रिज उघडून बघायचं. आता तो फ्रिज थेट माणूस घरात पडल्यावर अँब्युलन्सवाले उघडतात.

बाकीचे उपाय लहान-लहान. अलार्मचे पैसे वाढव, डे सेंटरचे वाढव. भेट अर्ध्या तासाची वीस मिनिटांवर आण. आणि एक उपाय मात्र खरोखर चांगला: छताला बसवायचा हॉइस्ट आणि नव्या प्रकारच्या सरकत्या चादरी घेतल्या की काही घरांत दोन केअररचं काम एकीला करता येतं. एका घरात हे जमलं तर वर्षाला हजारो पौंड वाचतात. गंमत अशी की हॉइस्टचा खर्च साहित्याच्या ओळीत पडायचा, वाचलेले तास केअररच्या ओळीत दिसायचे, आणि साहित्याची ओळ सांभाळणारा गृहस्थ दरवर्षी ‘माझं बजेट फुटलंय’ म्हणून हॉइस्ट अडवून धरायचा. दोन ओळी एका माणसाकडे द्यायला आम्हाला चार वर्षं लागली.

एका भीतीबद्दल मात्र निर्धास्त राहा, कारण ती तुमच्या प्रश्नातही डोकावतेय: फुकट केलं की मुलं-सुना हात काढून घेतील. योजना यायच्या आधी हाच आक्षेप सर्वात मोठा होता. स्टर्लिंग विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००६ साली पाहिलं तेव्हा तसं झालेलं आढळलं नाही. घरच्यांनी काळजी घेणं सोडलं नाही. अंघोळीचं काम केअररकडे गेलं आणि लेकीनं तो वेळ डॉक्टरच्या फेऱ्या, बँकेची कामं, सोबत यांत घातला. मला फायलींतही तेच दिसायचं. आईला अंघोळ घालणं मुलालाही अवघड जातं आणि आईलाही. ते कुणीतरी परक्यानं केलं तर नातं सुटतं असं नाही, उलट जरा मोकळं होतं.

इथवर एवढं लक्षात ठेवा: फुकट करण्यानं बुडालेली वसुली हा लहान भाग, तासांची वाढ हा मोठा भाग, आणि पैसे कमी पडले की त्रास बिलातून न दिसता रांगेतून दिसतो.

खर्च कुठे किती हे कशावर अवलंबून? सगळ्यात आधी अंतरावर. ग्लासगोत केअरर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत चालत जाते. हायलंडमध्ये वीस मिनिटांच्या भेटीसाठी चाळीस मिनिटं गाडी चालवायची, आणि पगार दोन्ही वेळांचा. मग मजुरीवर. स्कॉटलंडमध्ये केअररना द्यायचा किमान दर सरकार ठरवतं आणि त्यासाठी पैसेही देतं: २०२३-२४ मध्ये तासाला १०.९०, पुढच्या वर्षी १२, एप्रिल २०२५ पासून १२.६०. तो वाढायलाच हवा, पण प्रत्येक वाढ लाखो तासांनी गुणली जाते. एप्रिल २०२५ पासून मालकानं पगारावर भरायचा नॅशनल इन्शुरन्स (सरकारी विम्याचा हप्ता) १३.८ वरून १५ टक्के झाला आणि पगाराच्या जास्त भागावर लागू लागला, तो खासगी एजन्सींनी कौन्सिलच्या दरात मागितला. आणि शेवटी माणसंच मिळतात का यावर. जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवे केअरर आणण्याचा व्हिसा बंद झाला. आपल्याकडच्या, केरळच्या, झिंबाब्वेच्या कितीतरी मुली या कामावर आहेत. त्या कमी झाल्या तर कौन्सिलचा खर्च कमी दिसेल बरं का! तास विकत घ्यायलाच कुणी नाही, मग खर्च कसा होणार. असं ‘वाचलेलं’ बजेट मी दोन-तीन वर्षं पाहिलंय. त्या वर्षी इस्पितळात घरी जायला तयार असलेली माणसं नुसती पडून होती.

वयाचीही एक गोष्ट. योजना सुरुवातीला ६५ च्या वरच्यांसाठीच होती. फ्रँक कोपेल हे डंडी युनायटेडचे जुने फुटबॉलपटू, त्यांना एकोणसाठाव्या वर्षी स्मृतिभ्रंश झाला. वय कमी म्हणून शुश्रूषेचे पैसे भरावे लागले. २०१४ मध्ये ते पासष्टीचे झाले आणि तीन आठवड्यांच्या आत गेले. त्यांच्या पत्नी अमांडा यांनी पुढे पाच वर्षं पाठपुरावा केला, आणि एप्रिल २०१९ पासून वयाची अट गेली. त्यासाठी सरकारनं ३ कोटी पौंड ठेवले. ज्यांना या निर्णयानं बिल माफ झालं त्यांची संख्या वृद्धांच्या मानानं लहान, पण तरुण माणसाला वीस-वीस वर्षं शुश्रूषा लागते, त्यामुळे ही ओळ हळूहळू जाड होणार.

इंग्लंडचं विचारलंत. तिथे २०१० साली कायदा झालाही होता, घरच्या घरी सर्वाधिक गरज असलेल्यांची शुश्रूषा मोफत करण्याचा. वर्षाला ६७ कोटी पौंड लागतील असा सरकारचा अंदाज. ४२ कोटी केंद्र देणार, २५ कोटी कौन्सिलांनी ‘काटकसरीतून’ काढायचे. कौन्सिलांनी आरडाओरडा केला, की गरजूंचा आकडा कमी धरलाय आणि काटकसर कुठून करणार. निवडणूक झाली, सरकार बदललं, कायदा अंमलात आलाच नाही. माझ्या दृष्टीनं तो ओरडा रास्त होता. ‘काटकसरीतून’ हा शब्द बजेटात दिसला की समजायचं, पैसे नाहीत. २०१९ मध्ये संसदेच्या वरच्या सभागृहाच्या (लॉर्ड्सच्या) समितीनं मूलभूत शुश्रूषा मोफत करायला इंग्लंडभर वर्षाला ७०० कोटी पौंड लागतील म्हटलं, त्याचंही पुढे काही झालं नाही. खर्चावर ८६,००० पौंडांची कमाल मर्यादा घालायचं ठरलं होतं, ते जुलै २०२४ मध्ये रद्द झालं. राहिली ती जुनीच रेषा: बचत २३,२५० च्या वर तर पूर्ण बिल. हा आकडा २०१० पासून तिथेच आहे. तुमच्या सासूबाई त्याच्या वर असणार, म्हणून बिल येतंय.

आता तिसरा प्रश्न. स्वतःहून येऊन डंडीला कायमच्या राहिल्या तर त्यांची जबाबदारी तिथल्या कौन्सिलवर येते आणि वैयक्तिक शुश्रूषेचं बिल येणार नाही. घरी राहणाऱ्याचा अटेंडन्स अलाउन्सही यामुळे जात नाही. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी वेगळ्या नावाचा भत्ता आहे, तो मिळतो. पण लेस्टरच्या कौन्सिलनं त्यांना स्कॉटलंडमधल्या केअर होममध्ये ठेवलं तर जबाबदारी लेस्टरचीच राहते, तेव्हा ती पळवाट नाही. आणि नवं असेसमेंट शून्यापासून होतं. लेस्टरमध्ये बिल भरून त्या जे तास घेतायत तेवढेच इथे मिळतील असं धरू नका. त्यातली झाडलोट आणि बाजारहाट जाईल किंवा त्याचे पैसे पडतील, आणि मधल्या काही आठवड्यांत सगळं तुमच्या मावशीच्या गळ्यात पडेल.

म्हणून एक करा. सासूबाईंची केअरर आठवडाभर नेमकं काय आणि किती मिनिटं करते ते लिहून काढा. मावशीकडे तिच्या असेसमेंटचा कागद असेल, त्यात वैयक्तिक शुश्रूषेचे तास वेगळे आणि बाकीचे वेगळे दाखवलेले असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवा. सासूबाईंच्या बिलातले निम्म्याहून कमी तास वैयक्तिक शुश्रूषेत बसत असतील तर सामान बांधायची घाई नको. कागदातलं काही कळलं नाही तर नाव-पत्ता खोडून इथे टाका, मी बघते.